गहू सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर: नागपूरच्या घरात सीलियाक आजार सांभाळण्याची पद्धत

सीलियाक आजारावर आज एकच खात्रीचा उपचार आहे आणि तो औषधाच्या दुकानात मिळत नाही. ग्लुटेन असलेले अन्न आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे, हाच तो उपचार होय. ग्लुटेन हे गहू, जव आणि राय (गव्हासारखे एक परदेशी धान्य, मोहरी म्हणजे राई नव्हे) या धान्यांतील प्रथिन आहे. त्यांपैकी राय आपल्याकडे क्वचितच पोटात जाते आणि जव मुख्यतः माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, रूपाने येतो. त्यामुळे नागपूरच्या घरात प्रश्न उरतो तो प्रामुख्याने गव्हाचा. ज्यांच्या शरीरात या आजाराची जनुकीय पार्श्वभूमी असते, त्यांच्यापैकी काहींची रोगप्रतिकारक यंत्रणा ग्लुटेन पोटात जाताच स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरील बारीक उंचवटे त्यामुळे झिजून सपाट होतात आणि माणूस पोटभर जेवत असूनही कुपोषित राहतो.

भारतात झालेल्या सामूहिक तपासण्यांत उत्तरेकडे सुमारे शंभरात एका व्यक्तीला हा आजार आढळला, तर दक्षिणेत त्याचे प्रमाण फार कमी होते. जनुकांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे असताना हा फरक पडतो, त्याचे मुख्य कारण रोजच्या आहारातील गव्हाचे प्रमाण असावे असे मानले जाते. ज्वारीची भाकर आणि भात खाणाऱ्या विदर्भाने गेल्या दोन-तीन पिढ्यांत पोळी जवळ केली, हे लक्षात घेतले तर आपल्याकडेही या आजाराची आठवण ठेवणे आवश्यक ठरते. याच इतिहासात एक सोय दडलेली आहे. गव्हाला पर्याय शोधण्यासाठी नागपूरकराला महागडी पाकिटे धुंडाळावी लागत नाहीत, कारण ते पर्याय आजीच्या स्वयंपाकघरात होतेच. खरी अडचण पर्यायांची नसून चक्की, परात आणि कढई घरातल्या व गावातल्या गव्हाबरोबर वाटून घेण्याची आहे. म्हणून या लेखाचा बराचसा भाग पदार्थांपेक्षा पिठाच्या धुळीवर खर्च झाला आहे.

निदान होईपर्यंत गहू बंद करू नये

ही पहिली पायरी आहे आणि बहुतेक लोक नेमकी तीच उलटी टाकतात. पोट सतत बिघडते म्हणून कोणीतरी गहू सोडण्याचा सल्ला देते, चार-सहा आठवड्यांत बरे वाटू लागते आणि मग तपासणी करायचे ठरते. परंतु रक्तातील प्रतिद्रव्ये आणि आतड्यातील बदल हे दोन्ही गहू पोटात जात असतानाच दिसतात. गहू सोडून केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते, आणि मग नेमके निदान करण्यासाठी वैद्यकीय देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा गहू खावा लागतो. ते बऱ्याच रुग्णांना फार त्रासदायक होते.

शंका केव्हा घ्यावी? दीर्घकाळचे जुलाब, फुगलेले पोट आणि वयाच्या मानाने खुंटलेली मुलाची उंची व वजन ही ओळखीची लक्षणे होत. मोठ्या माणसांत मात्र पोटाची तक्रार मुळीच नसू शकते, किंवा उलट बद्धकोष्ठताही असू शकते. लोहाच्या गोळ्या घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय, कमी वयात ठिसूळ झालेली हाडे, वारंवार येणारे तोंड, उशिरा सुरू झालेली पाळी, वंध्यत्व किंवा वारंवार होणारे गर्भपात, यकृताच्या चाचण्यांत अकारण वाढलेले आकडे, कोपर व गुडघ्यांवर उठणारे अतिशय खाजरे फोड, यांपैकी एखादीच गोष्ट पुढे येते. विदर्भात सिकलसेल आजार आढळत असल्याने रक्तक्षय दिसला की त्याची चाचणी केली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि ती चाचणी निर्दोष आली आणि रक्त तरीही वाढत नसेल, तर डॉक्टरांना सीलियाकविषयी आपणहून विचारावे. टाइप 1 मधुमेह, थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार किंवा डाउन सिंड्रोम असलेल्यांनी लक्षणे नसतानाही हा विषय काढावा.

पहिली चाचणी रक्ताची असते आणि तिचे नाव टीटीजी-आयजीए; आयजीए हा प्रतिद्रव्यांचा एक प्रकार आहे. तिच्यासोबत एकूण आयजीएची पातळी मोजून घ्यावी, कारण काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी तयार होते आणि त्यांची टीटीजी-आयजीए चाचणी आजार असूनही निर्दोष दिसते. अशांसाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिद्रव्यांच्या चाचण्या आहेत. रक्तचाचणीत आजाराची खूण दिसल्यास पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अनेक ठिकाणचे बारीक तुकडे घेऊन तपासायला पाठवतात. झीज काही ठिकाणी असते आणि काही ठिकाणी नसते, म्हणून एकच तुकडा पुरत नाही. लहान मुलांत टीटीजीचा आकडा सामान्य मर्यादेच्या दहा पट किंवा त्याहून अधिक असेल आणि दुसऱ्या रक्तनमुन्यातील वेगळी प्रतिद्रव्य चाचणीही त्याला दुजोरा देत असेल, तर तज्ज्ञ दुर्बीण टाळू शकतात. एचएलए डीक्यू 2 व डीक्यू 8 ही जनुकीय चाचणी आजार सिद्ध करण्यासाठी वापरत नाहीत, कारण ही जनुके असलेल्या बहुसंख्य लोकांना आजार कधीच होत नाही. ती दोन्ही जनुके नसतील तर मात्र सीलियाक जवळजवळ निश्चितपणे नाकारता येतो, आणि ज्यांनी आधीच गहू सोडला आहे त्यांच्याबाबत याचा उपयोग होतो. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि मिहानमधील एम्स या सरकारी संस्थांशिवाय खासगी पोटविकारतज्ज्ञांचाही पर्याय आहे.

गव्हाची अॅलर्जी हा वेगळा आजार आहे, आणि सीलियाक नसतानाही गव्हाने पोट बिघडणे ही तिसरीच अवस्था. या तिघांचे पथ्य वरवर सारखे दिसले तरी त्याची काटेकोरता आणि पुढचा पाठपुरावा सारखा नसतो. वजन कमी करण्यासाठी ग्लुटेन सोडणाऱ्यांचा तर या लेखाशी संबंधच नाही.

‘थोडेसे’ म्हणजे किती

एका मध्यम पोळीत ढोबळमानाने 2 ग्रॅम ग्लुटेन असते. रोज केवळ 50 मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी सीलियाक रुग्णाच्या आतड्याला इजा होऊ शकते, असे अभ्यासात दिसून आले आहे. म्हणजे त्या पोळीचा चाळिसावा भाग पुरेसा आहे. दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत राहणे बहुतेकांसाठी सुरक्षित समजले जाते. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापण्यासाठी भारतातील अन्नसुरक्षा नियमांनी 20 मिलिग्रॅम प्रति किलो ही मर्यादा ठरवली आहे. असे अन्न दिवसभरात अर्धा किलो खाल्ले तरी त्यातून 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन जात नाही. हे गणित घरातील प्रत्येकाने, विशेषतः प्रेमाने आग्रह करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, एकदा समजून घेतले की ‘एका घासाने काय होते’ हा वाद बराचसा मिटतो. त्रास लगेच जाणवला नाही म्हणजे इजा झाली नाही, असेही समजू नये.

धान्य कोणते

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, भगर, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, कुट्टू, सर्व डाळी व कडधान्ये, शेंगदाणे, तीळ आणि जवस यांत ग्लुटेन नाही. जवस आणि जव यांच्या नावांतील साम्यामुळे गोंधळ होऊ नये, जवसाची चटणी निर्धोक आहे. दूध, अंडी, मांस, मासे, भाज्या, फळे, तूप, तेल, गूळ, साखर यांचाही प्रश्न नाही. उपवासाच्या पदार्थांत गहू नसतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, त्यामुळे नवे निदान झालेल्या घराने पहिला आठवडा भगर, साबुदाणा, राजगिरा आणि साध्या वरणभातावर काढला तरी चालते. तेवढ्या वेळात चक्कीची व्यवस्था लावता येते.

वर्ज्य धान्यांत कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, सरगुंडे आणि कुरडया येतात. कुरडई पांढरीशुभ्र असल्याने ती तांदळाची वाटते, पण आपल्याकडे ती गव्हाच्या चिकाची करतात. पानगे, रोडगे आणि मडक्यावरची लांब पोळी सरळच बाद. खपली गहू ‘चालतो’ असा प्रचार हल्ली फार ऐकू येतो. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे आणि सीलियाक रुग्णाने तो खाऊ नये. हेच शरबती, बन्सी आणि आंबवून केलेल्या पावाबद्दलही खरे आहे. ‘मल्टिग्रेन’ पिठात बहुधा सर्वांत मोठा वाटा गव्हाचा असतो. सातूच्या पिठात आपल्याकडे भाजलेला गहू किंवा जव असतो आणि थालीपिठाच्या भाजणीतही अनेक घरी गहू पडतो, म्हणून या दोन्ही गोष्टी बाहेरून आणू नयेत. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सर्रास असते आणि थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. ग्लुटेनमुक्त असा छाप असलेले ओट्सदेखील आजार आटोक्यात आल्यानंतर, डॉक्टरांना विचारूनच सुरू करावेत.

चक्की

मोहल्ल्यातल्या चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो. त्याच पाट्यांवर ज्वारीचा डबा रिकामा केला की आधीच्या दळणाचा उरलेला भाग आपल्या पिठात उतरतो आणि हवेत उडणारी कणीक त्यावर बसते ती वेगळीच. चक्कीवाला सद्हेतूने ‘आधी साफ करून देतो’ म्हणतो, किंवा आधी तांदूळ दळून मग आपली ज्वारी घालतो. यामुळे भेसळ कमी होते, पण ती 20 मिलिग्रॅमच्या मर्यादेत आली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे सार्वजनिक चक्की हा मार्ग सीलियाक रुग्णासाठी बंदच समजावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

परवडत असेल तर नवी घरगुती आटाचक्की घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही टाकू नये. घरात आधीपासून वापरात असलेली चक्की धुऊनपुसून खात्रीलायक स्वच्छ होत नाही, त्यामुळे ती कुटुंबाच्या कणकेसाठी ठेवून दुसरी सोय करावी. चक्की परवडत नसेल तर नव्या किंवा केवळ याच कामासाठी राखलेल्या मिक्सरच्या भांड्यात थोडी थोडी ज्वारी किंवा तांदूळ दळून बारीक चाळणीने चाळावे. पीठ थोडे रवाळ येते, भाकर मात्र होते. जुने जाते घरात असेल आणि त्यावर गहू दळला गेला असेल तर तेही या कामाचे नाही.

चक्कीला वळसा घालणारा याहून सोपा मार्ग म्हणजे पिठाची गरजच कमी करणे. भिजवून वाटलेल्या तांदूळ-उडदाचे दोसे आणि इडल्या, मुगाचे धिरडे, ज्वारी भिजवून वाटून केलेली आंबील, घरी भरडलेल्या ज्वारीच्या कण्या, भगर, पोहे आणि भात यांवर आठवड्यातील निम्म्याहून अधिक जेवणे निघू शकतात. बेसनाचेही हेच सूत्र आहे: चण्याची डाळ आणून घरीच दळावी, कारण सुटे बेसन कोणत्या चक्कीतून आले हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

धान्य विकत घेतानाही पाहावे लागते. इतवारी किंवा कळमन्याच्या बाजारातून येणारी पोती पुन्हा पुन्हा वापरली जातात आणि ज्वारीत गव्हाचे दाणे सापडणे नवलाचे नाही. सुदैवाने गोल ज्वारीत लांबट, मधोमध खाच असलेला गव्हाचा दाणा लगेच ओळखू येतो. धान्य ताटात पसरून निवडावे, नंतर दोन पाण्यांनी धुऊन स्वच्छ कापडावर वाळवावे आणि मगच दळावे. भंडारा-गोंदियाकडचा तांदूळ आपल्याकडे मुबलक मिळतो आणि शिधापत्रिकेवर मिळणारा तांदूळही निवडून-धुऊन निश्चिंतपणे वापरता येतो.

स्वयंपाकघराची वाटणी

सर्वांत सुटसुटीत उपाय म्हणजे घरात गहू आणूच नये. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला ते जमतेच असे नाही, आणि तसा आग्रह रुग्णावरही ओझे टाकतो. एकत्र स्वयंपाकघरात पुढील शिस्त पाळावी. रुग्णाची भाकर आधी करावी आणि कणीक नंतर भिजवावी, कारण पोळ्या लाटताना उडालेले पीठ ओट्यावर आणि उघड्या भांड्यांवर बसते. पोळपाट, लाटणे, लाकडी चमचे, चाळणी, तवा आणि भाकरी ठेवण्याचे कापड वेगळे असावे. लाकूड, जाळी आणि मुरलेला लोखंडी तवा यांतून पीठ पूर्णपणे निघत नाही. स्टीलची परात, ताटे व वाट्या साबणाने घासून धुतल्या की दोघांसाठी चालतात. भांडी घासणाऱ्या बाईंनाही कारण नीट समजावून सांगावे आणि रुग्णाच्या भांड्यांसाठी वेगळी घासणी द्यावी.

तळणाच्या कढईकडे सहसा लक्ष जात नाही. ज्या तेलात समोसे किंवा पुऱ्या तळल्या त्या तेलात तळलेला साबुदाणा वडा रुग्णासाठी सुरक्षित नाही. पोळीचा तुकडा बुडवलेला लोणच्याचा किंवा तुपाचा डबाही तसाच. रुग्णासाठी लहान बरणी आधीच वेगळी काढून ठेवावी. त्याची पिठे वरच्या फळीवर ठेवावीत, म्हणजे कणकेचा डबा सांडला तरी ती खाली राहत नाहीत.

आता हिंग. बाजारातील बहुतेक हिंग हे बांधणीचे असते; शुद्ध हिंगात डिंक आणि पीठ मिसळून ते तयार होते आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. रोजच्या वरणाच्या फोडणीतून ते दोन वेळा पोटात जाते आणि पथ्य काटेकोर असूनही टीटीजीचा आकडा का उतरत नाही, याचे उत्तर कधी कधी इतकेच असते. घटकांच्या यादीत तांदळाचे पीठ लिहिलेले हिंग मिळते, तेच घ्यावे किंवा फोडणी लसूण-जिऱ्याची करावी. सोया सॉस, माल्टयुक्त पौष्टिक पेये, माल्ट घातलेले कॉर्नफ्लेक्स, बिअर आणि सूपची पाकिटे यांतही गहू किंवा जव असतो. पाकीटबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्यांची नोंद अॅलर्जीच्या सूचनेत करणे बंधनकारक आहे. ती ओळ प्रत्येक खरेदीच्या वेळी वाचावी, कारण तेच उत्पादन पुढच्या खेपेला वेगळ्या घटकांनी बनलेले असू शकते. काही गोळ्यांत भरणद्रव्य म्हणून गव्हाचे स्टार्च असू शकते, म्हणून नवे औषध घेताना औषधविक्रेत्याला विचारावे.

भाकर तुटू नये म्हणून

ग्लुटेन पिठाला चिवटपणा देते. ते नसल्यामुळे ज्वारीचे पीठ पाण्याने नुसते भिजवून चालत नाही. उकळत्या पाण्यामुळे पिठातील स्टार्च फुलून चिकट होते आणि तेच बांधणीचे काम करते. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून उकळावे, गॅस बंद करून त्यात एक वाटी पीठ घालावे, झाकण ठेवून दहा मिनिटे मुरू द्यावे आणि कोमट असतानाच तळहाताने भरपूर मळावे. पीठ जुने असेल तर भाकर चिरते, म्हणून आठवड्यापुरतेच दळावे. थापण्याची सवय नसलेल्यांनी एका वाटीला एक चहाचा चमचा इसबगोल किंवा एक लहान उकडलेला बटाटा घालावा. मग ती पोळीसारखी लाटताही येते आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. पलथणासाठी ज्वारीचे किंवा तांदळाचेच पीठ घ्यावे, सवयीने कणकेच्या डब्यात हात जाऊ देऊ नये.

घराबाहेर

तर्री पोह्यांत पोहे आणि हरभऱ्याची तर्री आहे, म्हणजे मुळात गहू नाही. पण गाडीवरचे हिंग, आलूबोंड्याबरोबर त्याच कढईत तळले जाणारे समोसे आणि सर्व ताटांत फिरणारा एकच चमचा यांमुळे तो पदार्थ घरी करून खाणेच बरे. सावजी रस्सा बहुधा खसखस, खोबरे आणि मसाल्यांनी दाट होतो, तरी प्रत्येक भोजनालयाची रीत वेगळी असल्याने दाटपणासाठी कोणते पीठ वापरले हे आचाऱ्यालाच विचारावे आणि सोबत भात घ्यावा. हॉटेलातील ज्वारीच्या भाकरीवर मात्र विश्वास ठेवू नये: ती थापायला सोपी जावी म्हणून तिच्यात कणीक मिसळतात, किंवा पलथण तरी गव्हाचे असते. सांबारवडीच्या (कोथिंबीर भरलेल्या वडीच्या) पारीत बहुतेक ठिकाणी मैदा किंवा कणीक पडते. पाटोडी रस्सा आणि गोळाभात डाळीचे असल्याने घरी दळलेल्या डाळीचे केले तर उत्तम.

लग्नाच्या पंगतीत जाण्याआधी घरी जेवून जाणे किंवा डबा नेणे यात संकोच बाळगू नये. यजमानांशी आदल्या दिवशी बोलता आले तर साधा भात आणि फोडणीआधीचे वरण वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावासह काढून ठेवण्याची विनंती करावी. वाढप सुरू झाल्यावर ती पाळली जात नाही. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. तो नाकारणे अनेकांना जड जाते, म्हणून गुरुजींना आधी सांगून केळे किंवा पंचामृत घेण्याची प्रथा घरात पाडावी. महालक्ष्मीच्या नैवेद्यातील पुरण, कढी आणि ज्वारीची आंबील रुग्णाला खाता येते, फक्त ती पुरणपोळ्या लाटण्याआधी वेगळी काढावी.

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत वर्गशिक्षकांना लेखी कळवावे आणि वाढदिवसाच्या केकऐवजी देता येईल असा खाऊ, उदाहरणार्थ राजगिऱ्याची चिक्की किंवा घरचा पोह्यांचा चिवडा, वर्गात ठेवायला द्यावा. मुलाला पाच-सहा वर्षांपासून स्वतः ‘यात गहू आहे का’ असे विचारायला शिकवता येते. डब्यांची अदलाबदल थांबवण्याचा दुसरा कोणताही मार्ग फारसा टिकत नाही.

पुढची वर्षे

पथ्य सुरू झाल्यावर बहुतेकांना काही आठवड्यांतच हुशारी वाटते. आतड्याचे अस्तर मात्र सावकाश भरून येते. मुलांत ते तुलनेने लवकर होते, प्रौढांत एक-दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. सुरुवातीला दूध पचत नसेल तर घाबरू नये, कारण दुधातील साखर पचवणारे विकर त्याच झिजलेल्या अस्तरात तयार होते आणि ते सावरले की दूध पुन्हा मानवते. तोवर दही-ताक घ्यावे. निदानाच्या वेळी हिमोग्लोबिन, लोहसाठा, फॉलिक आम्ल, बी 12, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून जे कमी असेल ते डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावे, आणि प्रौढांनी हाडांची घनता मोजण्याविषयी विचारावे. टीटीजी साधारणपणे सहा महिन्यांनी, पुन्हा वर्षाने आणि पुढे दरवर्षी पाहतात. आकडा उतरला नाही तर नवे औषध शोधण्याआधी चक्की, हिंग, बेसन आणि बाहेरचे जेवण या क्रमाने चौकशी करावी.

नुसत्या भातावर आणि ग्लुटेनमुक्त बिस्किटांवर राहिल्यास आहारात तंतू कमी पडतात आणि आतडे बरे होऊन शोषण सुधारले की वजन व साखर वाढू लागते. त्यामुळे भातासोबत ज्वारी, बाजरी, डाळी आणि पालेभाज्या रोज असाव्यात. ही पाकीटबंद बिस्किटे प्रवासापुरती ठेवावीत.

रुग्णाच्या आईवडिलांची, भावंडांची आणि मुलांची टीटीजी चाचणी लक्षणे नसली तरी करून घ्यावी, कारण सख्ख्या नात्यात हा आजार सुमारे दहांत एकाला आढळतो. घरात सर्वांनीच भाकर सुरू केली असेल तर ही चाचणी त्याआधी उरकावी. आज निर्दोष आलेल्या मुलाची चाचणी काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. ती केव्हा करायची, हे पहिल्या अहवालाच्या वेळीच डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहून ठेवावे.